आइस स्पायकर प्रो: गोठलेल्या वाटेवर खिळ्यांचा भरवसा

श्वाल्बे कंपनीचे आइस स्पायकर प्रो हे खिळ्यांचे टायर, २९ बाय २.२५ इंच मापाचे, मी हिवाळाभर माझ्या हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या) माउंटन बाइकवर चालवते. निकाल आधीच सांगून टाकते. वाटेवर गोठलेलं पाणी भेटणार असेल तर हे टायर डोळे झाकून घ्या. नुसता भुसभुशीत बर्फ भेटणार असेल तर घेऊ नका, त्या पैशांत रुंद टायर घ्या. या दोन्हींत किती अंतर आहे ते बऱ्याच जणांना टायर चढवल्यावर कळतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बर्फाबद्दल थोडं. गोठणबिंदूच्या खालीसुद्धा बर्फाच्या अगदी वरच्या अंगाला पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो. मायकेल फॅरडेने १८५० मध्येच ही कल्पना मांडली होती. या थरामुळे रबराला धरायला काही मिळत नाही. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक ०.७-०.८ च्या आसपास असतो, ओल्या बर्फावर तो ०.१ किंवा त्याहूनही खाली येतो. आणि सगळ्यात वाईट बर्फ हा सगळ्यात थंड दिवसाचा नसतो. पारा शून्याच्या आसपास असतो, दुपारच्या उन्हाने वरचा पापुद्रा ओला झालेला असतो, तेव्हा वाट खरी घातकी होते. उणे वीसमध्ये तोच बर्फ बराच कोरडा वागतो. माझ्या पाहण्यात तरी साध्या टायरवरून पडलेले लोक बहुतेक सगळे अशाच ‘आज जरा ऊब आहे’ म्हणून बाहेर पडलेल्या दिवशी पडले.

खिळा या सगळ्या भानगडीला बगल देतो. तो त्या ओल्या थरातून आरपार जाऊन खालच्या घट्ट बर्फात रुततो. त्यामुळे पकड रबराच्या चिकटण्यावर राहत नाही, टोकाच्या रुतण्यावर येते. म्हणून टोक कसलं आहे, किती टोकं एका वेळी जमिनीला लागतात आणि ती टायरवर कुठे बसवली आहेत, या तीन गोष्टी पाहायच्या. बाकीची जाहिरातबाजी सोडून द्या.

आइस स्पायकर प्रोच्या या मापात ४०२ खिळे आहेत. आकडा मोठा वाटतो, पण जरा हिशेब करून बघा. चाकाचा घेर साधारण २३० सेंटिमीटर. म्हणजे घेराच्या दर सेंटिमीटरला पावणेदोन खिळे. टायरचा जमिनीला टेकणारा भाग धरा आठ-दहा सेंटिमीटर लांब, तर त्या लांबीत चौदा ते सतरा खिळे आले. त्यातले दोन्ही कडांचे खिळे सरळ चालताना हवेतच असतात, म्हणून प्रत्यक्ष काम करणारे त्याहून कमी. तुमचं आणि सायकलचं वजन तेवढ्यांवर पेललेलं असतं, आणि माझ्या अनुभवात तेवढं पुरतं.

आता हाच हिशेब दुसऱ्या टायरला लावा. फिनलंडच्या नोकियनचे सायकलचे हिवाळी टायर (ते आता सुओमी टायर्स या नावाने मिळतात) जुन्या सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहेत. ही परंपरा जुनी आहे. हाक्कापेलिट्टा हे नाव त्यांनी मोटारींच्या हिवाळी टायरला १९३६ साली दिलं. त्यांच्या सायकल टायरच्या नावातच खिळ्यांची संख्या असते. डब्ल्यू १०६ म्हणजे १०६ खिळे, डब्ल्यू २४० म्हणजे २४०. डब्ल्यू १०६ मध्ये खिळ्यांच्या दोनच रांगा आहेत आणि दहा सेंटिमीटरच्या टप्प्यात जेमतेम पाच खिळे येतात. शहरातल्या सपाट, अधूनमधून निसरड्या रस्त्यावर कामाला जायचं असेल तर तो शहाणा पर्याय आहे, हलका चालतो. डब्ल्यू २४० मध्ये चार रांगा. त्याच्या पुढे एक्स्ट्रीम २९४ वगैरे, ते खऱ्या अर्थाने माउंटन बाइकचे. तेव्हा ‘खिळ्यांचा टायर’ एवढ्याच नावावर विश्वास टाकून रानवाटेवर जाऊ नका. १०६ आणि ४०२ ही दोन वेगळ्या कामांची हत्यारं आहेत.

रानवाटेवर कडेच्या खिळ्यांना का महत्त्व आहे, हे मला सगळ्यात आवर्जून सांगायचं आहे. डोंगरातल्या वाटेवर सपाट, आरशासारखा बर्फ फार थोडा असतो. जास्त करून असतं ते असं: दुपारी चिखल-बर्फाचा रबडा झाला, त्यातून माणसं चालली, कुत्री पळाली, दोन-चार सायकली गेल्या, आणि रात्री ते सगळं जसंच्या तसं गोठलं. सकाळी तुमच्या समोर बुटांच्या ठशांची, चाकांच्या चाकोऱ्यांची दगडासारखी टणक वाट. पुढचं चाक एखाद्या चाकोरीत शिरलं की तिथून बाहेर निघताना टायरचा मधला भाग जमिनीवर नसतोच. टायरचा खांदा, म्हणजे बाजूची कड, चाकोरीच्या तिरक्या भिंतीला घासत वर चढायचा प्रयत्न करतो. तिथे खिळा नसेल तर चाक भिंतीवरून घसरतं, हँडल एका बाजूला ओढलं जातं आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला पडता. मधल्या रांगांचे खिळे कितीही चांगले असोत, या क्षणी ते उपयोगाचे नाहीत. आइस स्पायकर प्रोमध्ये अगदी कडेच्या नॉबवरही (टायरवरच्या रबरी उंचवट्यांवरही) खिळे आहेत, आणि चाकोरीतून बाहेर येताना ते भिंतीत रुतल्याचा एक खरखरीत धक्का हँडलमध्ये जाणवतो. तो धक्का जाणवला की मी निर्धास्त पुढे जाते. टायर घेताना दुकानात तो आडवा धरून खांद्याकडून बघा. खांद्यावर खिळे दिसले नाहीत तर तो माउंटन बाइकच्या वाटेचा टायर नव्हे.

दुसरी तशीच जागा म्हणजे आडव्या उतारावरून जाणारी वाट, जिच्यावर वरच्या अंगाचा झरा पाझरून थरावर थर गोठलेला असतो. सगळी वाट दरीकडे कललेली. इथे खिळे काम करतात, मात्र एका अटीवर: ब्रेक लावायचा नाही, हँडल झटक्यात वळवायचं नाही, पॅडल एकसारखं फिरवत राहायचं आणि वजन सायकलच्या बरोबर वर ठेवायचं. खिळा बर्फाला धरतो तो थोड्याशाच जागेत. त्या जागेवर एकदम जोर आला की बर्फाचा टवका उडतो आणि मग धरायला काही उरत नाही. कोरड्या मातीवर वळणात सायकल जशी कलवतो तशी इथे कलवू नये.

टोकाच्या धातूकडे येते. या टायरचे खिळे अॅल्युमिनियमच्या अंगाचे आणि टंगस्टन कार्बाइडच्या गाभ्याचे आहेत. कठीणपणाच्या मोह्स मापपट्टीवर हिरा १० वर, टंगस्टन कार्बाइड ९ च्या आसपास. शून्य अंशाचा बर्फ दीडच्या आसपास, म्हणजे बर्फ खिळ्याला झिजवत नाही. झिजवते ती वाळू. रस्त्यावरच्या आणि वाटेवरच्या वाळूत क्वार्ट्झ असतं, ते ७ वर. साधं पोलाद त्याहून मऊ. त्यामुळे निव्वळ पोलादी खिळ्यांचे स्वस्त टायर डांबरावर आणि खडीवर भराभर बोथट होतात. माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या एका मैत्रिणीकडे असे टायर होते, कुठल्या कंपनीचे ते सांगत नाही. हिवाळा सरता सरता त्यांची टोकं अशी गुळगुळीत झाली होती की बोटाने दाबली तर टोचेनात. गुळगुळीत पोलादाचं टोक बर्फावर रबरापेक्षाही वाईट, कारण ते रुतत नाही आणि रबरालाही नीट टेकू देत नाही. त्यामुळे पोलादी टोकाचा टायर फुकट मिळाला तरी मी घेणार नाही. वेष्टणावर ‘कार्बाइड’ हा शब्द शोधा, तो नसेल तर परत ठेवा.

टायर नवे असताना थोडा धीर धरावा लागतो. खिळे रबरात आधीच केलेल्या भोकांत दाबून बसवलेले असतात. रबराने त्यांना चहूबाजूंनी घट्ट आवळून धरावं यासाठी पहिले ४०-५० किलोमीटर सरळ, कोरड्या, टणक रस्त्यावर शांतपणे चालवायचे असतात. जोराचा ब्रेक नको, उभं राहून पॅडल मारणं नको, मागचं चाक जागच्या जागी फिरवणं तर अजिबात नको. हे कंटाळवाणं काम आहे, पण हिवाळ्यात खिळे गळतात ते जास्त करून ज्यांनी हे टाळलं त्यांचे. चढवताना टायरच्या बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघायला विसरू नका, आणि जाड हातमोजे घाला. टायर रिमवर ओढून बसवताना ही चारशे टोकं तळहाताला सोलून काढतात.

हवेबद्दल बोलल्याशिवाय या टायरचं परीक्षण पुरं होत नाही, कारण जास्त हवा भरली तर निम्मे खिळे फुकट जातात. टायर टणक असेल तर तो मधल्या रांगांवरच चालतो. हवा कमी केली की टायर पसरतो, बाजूच्या रांगा खाली येतात आणि पकड एकदम वाढते. माझं वजन आणि माझ्या वाटा पाहता बर्फावर मला १.२ बारच्या आसपास, म्हणजे १७-१८ पीएसआय (दोन्ही हवेच्या दाबाची मापं), बरोबर वाटतं. वजनदार माणसाने थोडी जास्त ठेवावी, नाहीतर गोठलेल्या ठशांवर रिम आपटते.

आता यातली गोम. घरात २० अंश तापमानात तुम्ही १.५ बार भरलेत आणि उणे १५ मध्ये बाहेर पडलात, तर टायरमध्ये १.५ बार राहत नाही. हवा थंड झाली की तिचा दाब केल्व्हिनमधल्या (सेल्सियसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) तापमानाच्या प्रमाणात उतरतो, आणि तो मोजायचा बाहेरच्या वातावरणाचा एक बार धरून. म्हणजे एकूण अडीच बारचे झाले २.२, त्यातून वातावरणाचा एक वजा केला की उरले १.२. ना पंक्चर, ना गळती, तरी पाचवा भाग गेला. घरात भरलेल्या आकड्यावर विसंबलात तर बाहेर टायर अपेक्षेपेक्षा मऊ मिळतो. मी सायकल आधी बाहेर गारठ्यात ठेवते, चाकं थंड झाल्यावर मापते आणि मग नेमकी हवा ठरवते. आकडा दाखवणारा छोटा मापक खिशात असावा. अंगठ्याने दाबून अंदाज करणं हिवाळ्यात चालत नाही, कारण थंडीत रबर स्वतःच थोडं कडक लागतं.

तसं या टायरचं रबर हिवाळ्यासाठीच बनवलेलं आहे आणि कडाक्याच्या थंडीतही लवचीक राहतं. उन्हाळी टायर शेजारी ठेवून दोन्ही वाकवून बघा, फरक हाताला कळतो.

आता भुसभुशीत बर्फाकडे. इथे मी या टायरची बाजू घेणार नाही. ताज्या, खोल बर्फात खिळ्याला रुतायला काही नसतंच. तिथे कामाला येतात ते उंच, सुटे सुटे नॉब, आणि बर्फ घोट्याच्या वर गेला की तेही नाही, तिथे रुंदी लागते. आइस स्पायकर प्रोचे नॉब बऱ्यापैकी उंच आहेत, त्यामुळे चार बोटं बर्फातून ते नीट ओढतात. त्यापलीकडे पुढचं चाक नांगरासारखं खाली जातं आणि सायकल थांबते. हा टायरचा दोष नव्हे. सव्वादोन इंचाच्या कुठल्याही टायरचं हेच होणार. माझ्या दादाची फॅट बाइक आहे, चार इंचांहून रुंद टायरची. सर्ली या सायकल कंपनीने २००५ मध्ये पग्स्ली ही फॅट बाइक बाजारात आणली आणि तिथून ही जात पसरली. तो चार-सहा पीएसआय हवेवर दाबलेल्या बर्फाच्या वाटेवरून तरंगत जातो आणि मी मागे सायकल ढकलत असते. पण वाट झऱ्यापाशी आली की चित्र पालटतं. तिथे तो उतरून सायकल हातात धरतो आणि मी पॅडल मारत पलीकडे जाते.

दोन्ही हवं असेल तर खिळे असलेले रुंद टायरही आहेत. ४५ नॉर्थ या अमेरिकन कंपनीचा डिलिंजर हा त्यातला नावाजलेला, चार इंची मापात २४० खिळ्यांचा. मी तो दादाच्या सायकलसाठी सुचवून ठेवला आहे. टायर रुंद असल्याने खिळे दूर दूर पसरतात, म्हणून आकडा कमी दिसला तरी त्याची आइस स्पायकरशी थेट तुलना करू नका. एवढ्या कमी हवेत टायरचा पुष्कळ भाग जमिनीला टेकतो, हेही लक्षात घ्या.

एकाच टायरचे पैसे असतील तर तो पुढच्या चाकाला. यावर माझ्याशी वाद घालणारे भेटतात, म्हणतात की चढावर मागचं चाक फिरतं, मग खिळे मागे हवेत. मागचं चाक सुटलं तर सायकल आडवी व्हायला लागते, तुम्हाला पाय टेकायला किंवा सावरायला क्षणभर मिळतो. पुढचं सुटलं की काहीच मिळत नाही, खांदा किंवा मनगट सरळ बर्फावर. चढावर मागचं चाक घसरून चालत जावं लागलं तर लागू दे. पण रानवाटेवर शेवटी दोन्ही हवेत, कारण उतारावर मागचा ब्रेक लावताच खिळे नसलेलं चाक तुम्हाला ओलांडून पुढे यायला बघतं.

त्रास काय काय आहेत? आवाज आहे. डांबरावर हे टायर पत्र्यावर पाऊस कोसळावा तसे वाजतात, आणि शेजारी चालवणाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. बर्फावर पोचलं की तो आवाज एकदम कमी होऊन बारीक कुरकुर उरते, आणि आता मी त्या आवाजावरूनच खाली काय आहे ते ओळखते. टायर जड आहेत, सपाट रस्त्यावर पाय लवकर दमतात. नेहमीच्या अंतराला जास्त वेळ धरा. ओल्या गुळगुळीत खडकावर आणि लोखंडी जाळीच्या पुलावर खिळे रबरापेक्षा कमी धरतात, तिथे ब्रेक आधीच सोडून सरळ जायचं. घरातली लादी, लाकडी जमीन, मोटारीच्या मागच्या सीटचं कापड, सगळ्यावर ओरखडे उठतात, तेव्हा चाकांखाली जुनी चटई टाका. फ्रेमच्या मागच्या दांड्यांत आणि टायरच्या कडांत किती जागा उरते हेही आधी मोजा. खिळे बाहेर डोकावतात, आणि चाक जरासं वाकडं असेल तर ते फ्रेमचा रंग आणि मग धातूही खरवडतात.

एक धोका मात्र कुठल्याच वेष्टणावर लिहिलेला नसतो. सायकल बर्फावर इतकी खंबीर उभी राहते की खाली किती निसरडं आहे याचा विसर पडतो. थांबता, सहज पाय टेकवता आणि तो पाय तुमच्या खालून निघून जातो. दादाला एका गोठलेल्या डबक्याकाठी असंच आडवं होताना मी पाहिलं, सायकल त्याच्या हातात सरळ उभी होती. त्यानंतर आम्ही दोघं बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे घालतो. क्लिपवाल्या पॅडलऐवजी सपाट पॅडल ठेवतो. गोठलेल्या तलावावर जायचा मोह या टायरमुळे होतो आणि तो अनुभव खरोखर सुंदर असतो. पण टायर बर्फाची जाडी वाढवत नाही. नितळ, टणक बर्फ किमान १० सेंटिमीटर आहे हे जागोजाग भोक पाडून पाहिल्याशिवाय मी तलावावर चाक घालत नाही. वाहतं पाणी खाली असेल तिथे तर तेवढ्यानेही नाही.

जुन्या टायरला आतून स्क्रू मारून घरी खिळ्यांचा टायर बनवतात, तोही मी चालवून पाहिला आहे. नितळ बर्फावर लांब स्क्रूची पकड भयंकर चांगली असते. पण स्क्रूची डोकी ट्यूबला घासतात, मधे जाड पट्टी घातली तरी टायर आणखी जड होतो, आणि डांबरावर तर तो नेऊच नये. तळ्यावर शर्यती लावायच्या असतील तर जरूर करा. रोज वेगवेगळ्या जमिनीवरून जाणाऱ्याने यात पडू नये. नेहमीच्या नॉबी टायरच्या नॉबमध्ये बाहेरून पिळून बसवायचे ग्रिप स्टड्स नावाचे कार्बाइड खिळेही मिळतात. ज्यांच्या मापाचा तयार टायर मिळत नाही त्यांच्यासाठी तो मार्ग बरा.

बर्फ हटला की हे टायर ताबडतोब उतरवा. नुसत्या डांबरावर आणि खडकावर चालवून कार्बाइडसुद्धा विनाकारण झिजवण्यात अर्थ नाही. उतरवल्यावर मी नॉबमध्ये अडकलेले खडे काढते, प्रत्येक रांग बोटाने चाचपून रिकामी भोकं शोधते आणि तिथे सुटे खिळे बसवते. ते आणि बसवायचं छोटं हत्यार वेगळं विकत मिळतं. मग टायर पुसून, उन्हापासून लांब, अंधाऱ्या कोरड्या जागी टांगते. मागचा टायर नेहमीच जास्त झिजलेला निघतो. ज्याची टोकं जास्त शाबूत, त्याच्यावर खडूने ‘पुढचा’ असं लिहून ठेवते.